माघारी फिरलेला गोरा

वेल्ह्याच्या वर डोंगरात सात-आठ घरांचा धनगरवाडा होता आणि त्या वाड्यात सिनेमा पाहिलेला माणूस एकच, हैबती. लहानपणी बापाच्या, गेनबाच्या, खांद्यावर बसून तो भोरला रामनवमीच्या उत्सवाला गेला होता. तिथे तंबूत त्याने हलणारी चित्रं पाहिली, आणि त्या एका संध्याकाळच्या जिवावर पुढं वीसएक वर्षं वाड्यात भाव खाल्ला. पाऊस लागला, गुरं गोठ्यात आली, की कुणीतरी म्हणायचंच, "हैबती, ती गोऱ्यांची गोष्ट सांग रं." मग गडी आधी आढेवेढे घेणार, सावकाश तंबाखू मळणार, ती दाढेखाली धरणार, आणि सगळे पुरेसे ताटकळले असं वाटलं की मगच तोंड उघडणार.

गोष्ट अशी. गोऱ्या लोकांचं एक जहाज समुद्रात अडकलं. पाणी थंडीनं गोठून दगड झालेलं. जहाज मोडलं, माणसं त्या पांढऱ्या रानातून पायी निघाली. खायला काही नाही. एकाचा पाय सुजला, काळा पडला, आणि तो खाली बसला तो बसलाच. बाकीचे पुढं गेले. आणि मग, इथं हैबती आवाज खाली आणायचा, दाढीवाला मोठा साहेब थांबला, माघारी फिरला, त्या लंगड्याला पाठीवर घेऊन चालत सुटला. "आनि ही मनाची न्हाई बरं का," हैबती दरवेळी बजावायचा, "खरी घडलेली गोष्ट हाय. तसं तंबूवाल्यानं सांगितलं." बायका पदर डोळ्यांना लावायच्या. हैबतीला ते फार आवडायचं.

त्याचा जिवलग चिमाजी दरवेळी एकच प्रश्न विचारायचा, जणू पहिल्यांदाच ऐकतोय. "दोगंबी जगलं?"

"जगलं की!"

मागल्या आषाढात हैबती, चिमाजी आणि म्हातारा कोंडिबा पठारावरची गुरं खाली आणायला गेले होते. धुकं असं की पुढच्या म्हशीची शेपटी दिसेना. उतरताना कोंडिबाचा पाय घसरला आणि मोडला. ओढ्याचं पाणी चढत होतं. म्हाताऱ्याला दगडाच्या आडोशाला बसवून दोघांनी आधी गुरं पलीकडे घातली. शेवटचं वासरू पार झालं आणि मागं वळून बघतात तर ओढा दोन्ही काठ भरून चाललेला.

"आता न्हाई जमायचं," हैबती म्हणाला. "पानी वसरू दे. सकाळच्याला बघू."

चिमाजी रागावला नाही. नुसता चकित होऊन बघत राहिला. "आरं, तुझा गोरा माघारी फिरला का न्हाई?"

"त्यो शिनेमा व्हता, चिमा."

"खरी घडलेली गोष्ट हाय म्हनतुस ना?"

चिमाजीनं धोतर वर खोचलं आणि पाण्यात पाय घातला. तो पलीकडे पोचला. कोंडिबाला त्यानं वर एका कोरड्या कपारीत नेऊन टाकलं, स्वतःची घोंगडी त्याच्याभोवती गुंडाळली, आणि म्हाताऱ्याला ताप भरला म्हणून माणसं आणायला परत निघाला. परतताना त्याला ओढ्यानं नेलं. सकाळी लोक पोचले तेव्हा कोंडिबा जिवंत होता आणि चिमाला हाका मारत होता. चिमाजी खाली पार मार्गासनी गावाच्या अंगाला सापडला.

हैबतीनं वाड्यात सांगितलं, "चिमाच म्हनला, तू गुरांपाशी ऱ्हा, म्या जातो." लोकांनी मानलं. गुरांपाशी कुणीतरी थांबायला हवंच होतं, त्याला कुणी बोल लावला नाही. चिमाजीच्या बायकोला, पारूबाईला, मात्र त्यानं एक गोष्ट खरी सांगितली होती, की जाताना चिमाजीच्या तोंडी त्या गोऱ्याचं नाव होतं. तिनं ते नुसतं ऐकून घेतलं. पुढं कधी तो विषयही काढला नाही. भेटली की "भावजी, जेवलासा का?" विचारायची, आणि हैबती मान खाली घालून वाट धरायचा. त्यानं गोष्ट सांगणं सोडून दिलं. मित्र गेल्याचं दुःख आहे, असं लोक समजले.

चैत्रात तूप विकायला तो भोरला गेला. उत्सवाची गडबड चाललेली, आणि तंबूबाहेर फळ्यावर एक रंगवलेलं चित्र: पांढऱ्या रानात कलंडलेलं जहाज. हैबती डोक्यावरचं मडकं सावरीत तिथंच उभा राहिला. खाली काय लिहिलंय हे वाचता येत नसलं तरी फळ्याजवळचा माणूस ओरडतच होता, "खरी घडलेली हकीकत! जुनी, पण खरी!"

गप्प बसला असता तर बिघडत नव्हतं. पण त्याच्या मनानं घेतलं की पारूवहिनीनं हे बघायला हवं. साहेब माघारी फिरतो, दोघं जगतात, हे तिनं डोळ्यांनी पाहिलं म्हणजे तिला पटेल की तिच्या नवऱ्यानं वेडेपणा केला नव्हता, नुसतं नशीब फिरलं. आणि तिला पटलं की आपल्याही छातीवरचा दगड जरा हलेल. हे दुसरं त्यानं स्वतःलाही नीट सांगितलं नाही.

वाड्यावर परतून त्यानं तिला सांगितलं. "म्या येते," पारूबाई लगेच म्हणाली. "कशापायी गेलं ते एकदा डोळ्यांनी बघते."

तिच्याबरोबर अर्धा वाडा निघाला. डोंगरवाटेनं दिवसभर चालून दिवेलागणीला सगळे तंबूत पोचले आणि पार पुढं, पडद्याखालीच जाऊन बसले. पुण्यात म्हणे आता चित्रं बोलायला लागली होती, पण या तंबूवाल्याकडं जुनंच यंत्र आणि जुनीच चित्रं. पडद्याशेजारी काळी टोपी घातलेला एक वयस्क माणूस छडी घेऊन उभा असायचा आणि इंग्रजी अक्षरं आली की मराठीत मोठ्यानं सांगायचा.

सुरुवातीला हैबती नुसता फुलून गेला होता. "आता बगा, जहाज कलंडतंय," तो म्हणाला आणि जहाज कलंडलं. "आता मोडंल." मोडलं. वाड्यातली माणसं पडद्याकडं कमी आणि त्याच्याकडं जास्त कौतुकानं बघायला लागली. मागून कुणीतरी "ए, गप की!" म्हणून ओरडलं तेव्हा कुठं तो थांबला. मग माणसं पांढऱ्या रानातून चालू लागली. पुढचं मात्र त्याला नीट आठवेना. कोण कुठला तंबू ठोकतोय, कोण कुणाला घास देतोय, सगळं नवंच वाटत होतं. शेवटी एक गडी लंगडत लंगडत खाली बसला आणि हैबतीला हायसं वाटलं.

"वैनी, आता बगा," तो हळूच म्हणाला.

दाढीवाला साहेब लंगड्यापाशी वाकला. एक पुडकं आणि एक कांबळं त्याच्याजवळ ठेवलं. डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली आणि चालू लागला. पडद्यावर अक्षरं आली. टोपीवाल्यानं छडी लावून वाचलं, "त्याला तिथंच ठेवून बाकीच्यांना पुढं जावं लागलं. थांबले असते तर सगळेच मेले असते."

"आता फिरंल माघारी," हैबती म्हणाला.

माणसं लहान लहान होत गेली.

"फिरतोच बगा."

कुणी फिरलं नाही. दुसरं जहाज आलं, धूर दिसला, वाचलेल्या माणसांनी टोप्या उडवल्या, एकमेकांना मिठ्या मारल्या. लंगड्याचं नावही पुन्हा कुणी काढलं नाही.

आणि त्या क्षणी हैबतीच्या छातीतून एक लांब श्वास सुटला. थांबले असते तर सगळेच मेले असते. म्हणजे आपलं बरोबरच होतं. एवढे शिकलेले, एवढे धीराचे साहेब लोक, तेही गेलेच की पुढं! त्याला अगदी हलकं हलकं वाटलं. तसाच त्यानं शेजारी बघितलं. पारूबाई पडद्याकडं बघत नव्हती. पडद्याच्या उजेडात ती त्याच्या तोंडाकडं बघत होती, आणि ते सुटल्याचं समाधान तिनं पुरतं पाहिलं होतं. हैबतीला वाटलं, ह्या तंबूसकट आपल्याला जमिनीनं पोटात घ्यावं.

"काय रं हैबती," वाड्यातल्या कुणीतरी बाहेर पडताना विचारलं, "तुझा माघारी फिरलेला गोरा कुठं ऱ्हायला?" सगळे हसले. तो हसला नाही. घाईघाईनं टोपीवाल्याकडं गेला. "दादा, मदला तुकडा तुटलाय का? साहेब माघारी येतो तो?"

"तुकडा कसला?" टोपीवाला म्हणाला. "पहिल्यापासून मीच वाचतोय ही. कुणी माघारी येत नाही. खरी गोष्ट आहे बाबा, खोटी कशी सांगू?"

सकाळी सगळे वाड्याकडं परत निघाले. चढणीवर खिंडीच्या अलीकडं एक सपाट दगड आहे, तिथं येणारा-जाणारा दम खातो. हैबती मागं रेंगाळत आला होता, कुणाशी बोलायला लागू नये म्हणून. त्या दगडावर टेकला आणि त्याला सगळं लख्ख आठवलं. बापानं खांद्यावरून उतरवून त्याला इथंच बसवलं होतं. जहाज मोडल्यावर तो पेंगायला लागला होता, आणि लंगडा खाली बसलेला तेवढा बघून तंबूत झोपून गेला होता. सकाळी चालताना बापाला एवढंच विचारत होता, "बा, त्या लंगड्याचं काय झालं?" गेनबा तंबाखू मळत बराच वेळ खाली दरीकडं बघत बसला होता. मग म्हणाला होता, "त्याचं व्हय? मोठा सायेब माघारी फिरला. पाठीवर घातलं त्याला."

"दोगंबी जगलं?"

"जगलं की."

बाप मरेपर्यंत ती गोष्ट पोराच्या तोंडून ऐकत आला. कोपऱ्यात बसून ऐकायचा आणि कधी तिला हात लावला नाही. एखाद्या वेळी पुटपुटायचा, "हां. असंच करावं मान्सानं."

पारूबाई वर चढत आली. बाकीचे पुढं गेलेले बघून तीही दगडापाशी थांबली आणि डोक्यावरचं बोचकं खाली ठेवलं.

"भावजी, माघारी फिरल्याचं त्यात न्हाईच. मग तुमी कुठनं आनलं?"

एवढ्या वर्षांत हैबतीनं गोष्टी खूप सांगितल्या होत्या, पण आता काही रचून सांगायचं त्राण उरलं नव्हतं. "बानं सांगितलं. हितंच, ह्या दगडावर. म्या तंबूत झोपलो व्हतो."

तो वाट बघत राहिला. तिनं शिव्या द्याव्यात, खोट्या गोष्टीपायी माझा माणूस मारलास म्हणावं, असं त्याला मनापासून वाटत होतं. ते त्यानं सोसलं असतं.

"म्हंजी गेनबामामांनी ती तुमच्यासाटी रचली," पारूबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "तुमी शिकावं म्हनून. आनि शिकलं मातूर आमचं हे."

तिनं बोचकं उचललं, चुंबळ सारखी केली आणि चढू लागली. हैबतीला तिच्याबरोबर उठवेना. वरून, खिंडीतून, कुणीतरी हाक मारत होतं, "हैबती, मागं ऱ्हायलास व्हय रं? येऊ का माघारी?"

"नगा येऊ," त्यानं ओरडून सांगितलं, आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून तो तिथंच बसून राहिला.