तुळशीच्या पानाचा ठसा

मित्रांनो, मी नाशिकच्या तांबट आळीतला एक जुना पोलादी ठसा आहे. उंचीला तुमच्या बोटाएवढा, पण अंगात ऐट फार! माझ्या तोंडावर तुळशीचं पान आणि खाली तीन टिंबं कोरली आहेत. माझे मालक रावजी, त्यांच्या वडिलांनी मला घडवलं. तांब्याचं भांडं ठोकून, घासून तयार झालं की बुडाला मला टेकवायचं आणि वर हातोडीचा एक घाव घालायचा. लग्नाची भांडी घेताना बायका आधी ती उलटी करून माझी खूण शोधत. तेव्हा मला फार बरं वाटे.

रावजींच्या घरी एक रीत होती. खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाली की मला कुंकवात बुडवून कोऱ्या कागदावर उमटवत आणि दुसऱ्या दिवशी तो कागद गोदावरीत सोडत. त्यांची मुलगी संजना हिने ऑनलाइन दुकान उघडलं आणि त्या कागदाचा फोटो अगदी वरती लावला. जर्मनीहून चाळीस तांब्यांची मागणी आली. घर आनंदून गेलं.

तांबे तयार झाले आणि दुकानच बंद पडलं. वेबसाइटनं कळवलं, तुमचा माल नकली आहे! परगावच्या कुण्या व्यापाऱ्यानं फोटोतली खूण जशीच्या तशी उचलून स्वतःच्या नावावर नोंदवली होती. इथे आणि जर्मनीतही.

रावजी द्वारका चौकाजवळच्या वकीलबाई योगिनी यांच्याकडे गेले. त्या म्हणाल्या, "काका, खूण आधीपासून तुमची आहे, असं दाखवणारा जुना कागद आणा. बिल, जाहिरात, काहीही."

"अख्ख्या आळीला ठाऊक आहे की! त्याला कागद कशाला?"

"जर्मनीच्या बंदरावर आळी कुठून आणायची, काका? इथे भांडता येईल, पण वर्षं जातील. तिकडे तर या खुणेचा माल अडवतील."

संजना रडू लागली. "अण्णा, माझ्यामुळे झालं सगळं."

"तू नुसता फोटो टाकलास, पोरी. नोंदवायचं मला सुचायला हवं होतं."

गिऱ्हाइकानं खुणेविना माल घ्यायची तयारी दाखवली. मग रावजींनी कानस घेतली आणि चाळीसही तांब्यांच्या बुडावरची खूण घासून काढली. हातोडीचे घाव खाताना मला कधी दुखलं नाही, त्या करकरीनं मात्र दुखलं. शेवटचा तांब्या उलटा धरून रावजी म्हणाले, "आता हा कुणीही केला म्हणावं."

मित्रांनो, म्हणून विनवतो. तुमच्या हातून काही चांगलं घडलं, तर जगाला दाखवण्याआधी ते आपल्या नावावर नोंदवून घ्या. माझं पान अजून शाबूत आहे, टिंबंही झिजलेली नाहीत. पण आज मला भांड्यावर टेकवलं, तर चोर रावजीच ठरतात.