आबासाहेब बोलतोय

"कोण?" पद्मावतीने तिसऱ्यांदा विचारलं.

फोनवर पलीकडे कोणीतरी रडत होतं. पुरुषाचं रडणं, श्वास तुटत तुटत येणारं. शेजारणीच्या ब्लाउजला हुक लावता लावता ती उठून आली होती. सुई अजून चिमटीतच होती.

"अम्मा…"

मलकपेठेत वाढलेला तिचा मुलगा तिला अम्माच म्हणत असे. गल्लीतली सगळीच मुलं आपल्या आईला तसंच म्हणत.

"कोण? आबासाहेब?"

क्षणभर काही ऐकू आलं नाही. मग आवाज आला, "हौ अम्मा. आबासाहेब बोलतूं. मेरी गाडी को बच्ची लग गई अम्मा. लोगां मारे मेरेकू…"

सुई कुठे पडली ते तिला कळलं नाही. ती विचारत राहिली, कुठे लागलंय, रक्त येतंय का, कुठे आहात तुम्ही. तेवढ्यात दुसऱ्या कोणीतरी फोन घेतला. जाड, शांत आवाज.

"देखो अम्मा, मैं इन्स्पेक्टर बोल रा. तुम्हारे लडके ने छोटी बच्ची को उडाया. बच्ची सीरियस है. बाहर पब्लिक खडी है, मैं इसको अंदर बिठाया. समझे? बच्ची के बाप को अभी के अभी पैसे देना, नहीं तो केस. घर में कित्ते हैं?"

"घर में…" परवाच चिट्टी, म्हणजे भिशी, लागली होती. "अठरा हजार हैं साब."

"बस, उत्तेच देना. साब कहाँ हैं, हिम्मतराव माने?"

नवऱ्याचं नाव ऐकून तिचा उरलासुरला धीर खचला. "जहीराबादकू गए. कॅम्प है. परसों आते."

"ठीक है. मलकपेठ का पता है मेरे पास. मेरा आदमी आधे घंटे में आता, उसके हात में देना. और सुनो, फोन रखना नक्को. किसीको बोलना नक्को. बोले तो मैं लडके को बाहर छोड देतूं, फिर पब्लिक जाने."

तिने रिसीव्हर टेबलावर आडवा ठेवला, अलगद, आवाज होऊ न देता. गहू ठेवायच्या डब्यातून पैशांची पिशवी काढताना मूठभर गहू फरशीवर सांडले. घड्याळात बारा वाजायला दहा मिनिटं होती.

"काय झालं गं?" सुशीलाबाई आतल्या खोलीच्या दारात उभ्या होत्या. सासूबाईंचे, तिच्या आत्याबाईंचे, गुडघे गेलेले. भिंतीला धरल्याशिवाय त्या चालत नसत.

किसीको बोलना नक्को. पण आत्याबाईंपासून लपवायचं तिला सुचलंच नाही. तिने त्यांना आतल्या पलंगावर बसवलं आणि कानाशी वाकून सांगितलं. आबासाहेबांच्या स्कूटरखाली मूल आलं, पोलिसांनी धरलंय, माणूस पैसे न्यायला येतोय.

सुशीलाबाईंचा चेहरा पांढरा पडला. "कुणी सांगितलं?"

"त्यांनीच. स्वतः बोलले. रडत होते आत्याबाई."

"काय म्हणाला? नीट सांग."

"म्हणाले, हौ अम्मा, आबासाहेब बोलतूं—"

पद्मावती थांबली.

तिच्या मुलाचं नाव एकनाथ होतं. सासरे एकनाथराव वारले आणि चार महिन्यांनी हा जन्मला, तेव्हा घराने दुसऱ्या नावाचा विचारही केला नाही. पण सासऱ्याचं नाव सून घेत नाही, नवऱ्याचं नाव बायको घेत नाही. म्हणून या दोघींनी पाळण्यातल्या पोरालाच आबासाहेब म्हणायला सुरुवात केली. पद्मावती तर त्याला अहो-जाहो करायची. आबासाहेब, दूध प्या. आबासाहेब, चड्डी घाला. शाळेतली मुलं हसतात म्हणून आठव्या वर्षी तो रडून आला होता. तेव्हापासून हे नाव घराच्या उंबऱ्याच्या आत राहिलं. तो स्वतःला तसं कधीही म्हणाला नव्हता. फोनवर तर फक्त एवढंच, "अम्मा, मी."

"आत्याबाई, ते नाव फोनवरच्या माणसाला मीच पुरवलं," ती म्हणाली. "मीच आधी म्हणाले, आबासाहेब का म्हणून."

खात्री कशाचीच नव्हती. मार खाल्लेलं, घाबरलेलं पोर आईच्या तोंडचंच नाव पुन्हा बोलूही शकतं. आणि इन्स्पेक्टरला पत्ता कसा माहीत? मग तिला आठवलं, यंदाच्या टेलिफोन डिरेक्टरीत हिम्मतरावांचं नाव पत्त्यासकट छापून आलं होतं. त्या ओळीखाली त्यांनी लाल पेनने रेघ मारून ते पान सगळ्या आळीला दाखवलं होतं. डिरेक्टरीत मुलांची नावं नसतात.

तिने रिसीव्हर कानाला लावला. "साब, एक बार बच्चे से बात करा दो."

"पैसे निकाले क्या?"

"निकाले. एक बार, साब."

पुन्हा तेच रडणं. "अम्मा, जल्दी करो अम्मा…"

"आजोबांचं नाव सांगा," ती मराठीत म्हणाली.

रडणं थांबलं नाही, पण उत्तरही आलं नाही. मग जाड आवाज ओरडला, "टाइम है क्या तुमको? बच्ची मर री यहाँ! नाम पूछते बैठी!" आणि मागे काहीतरी धप्प वाजलं, आणि कोणीतरी कळवळलं.

खोटं असेल, ती स्वतःला सांगत होती. खोटं असेल तर बरं. पण खरं असेल तर?

तिने रिसीव्हर जागेवर ठेवला, दहापर्यंत आकडे मोजले, पुन्हा उचलला. डायल टोन नव्हता. माणसाचा श्वास होता. "रखना नक्को बोला ना अम्मा?" तो हळू म्हणाला. फोन बसवायला आलेल्या लाइनमनने सांगितलं होतं, ज्याने फोन लावला त्याने ठेवल्याशिवाय लाइन सुटत नाही. तेव्हा ती गंमत वाटली होती. सात वर्षं वाट पाहून घरात आलेलं ते यंत्र आता त्यांच्या हातात होतं.

"गलती से रख गया साब," ती म्हणाली आणि रिसीव्हर पुन्हा आडवा ठेवला.

फोन आळीत दुसरा कुणाकडे नव्हता. सगळे इथेच येत. कोपऱ्यावर दिलीपचा एसटीडी बूथ होता, पण पैसे न्यायला माणूस निघालेला आणि घरात म्हातारी एकटी. पद्मावतीने नंबरांची डायरी घेतली, पैशांची पिशवी पोटाशी खोचली, आणि सुशीलाबाईंच्या काखेत हात घातला. "चला आत्याबाई. काही बोलू नका."

तिने बाहेरून कुलूप लावलं. बूथ एरवी दोन मिनिटांवर होता. त्या दोघींना अकरा मिनिटं लागली. प्रत्येक स्कूटरच्या आवाजाला तिची मान वळत होती. मध्येच सुशीलाबाई खांबाला टेकल्या आणि म्हणाल्या, "तू जा गं पुढं, मी बसते हितंच." तिने ऐकलं नाही.

"क्या आंटी, घरका फोन मर गया?" दिलीप हसत म्हणाला आणि तिचा चेहरा बघून गप्प झाला.

आबिड्सच्या ऑफिसचा नंबर तिने दोनदा चुकवला. पाणी शुद्ध करायची यंत्रं विकणारी कंपनी. टाय लावून घरोघरी जायचं, अशी नोकरी. तिसऱ्यांदा एका मुलीने फोन उचलला.

"कौन होना, अम्मा? किससे बात करना?"

"मेरा बेटा. तुम्हारे यहाँ काम करता."

"नाम?"

तिच्या तोंडून सवयीने तेच आलं. "आबासाहेब."

"आबासाहेब? इस नाम का कोई नहीं यहाँ." फोन ठेवला गेला.

ती रिसीव्हर हातात धरून उभी राहिली. तेवीस वर्षं ती ज्याला हाक मारत होती, त्या नावाचं तिथे कोणी नव्हतं. तिने पुन्हा नंबर फिरवला. तीच मुलगी. "नाम बोलो अम्मा."

पद्मावतीचे ओठ हलले. खरं नाव तिने रेशन कार्डावर वाचलं होतं, त्याच्या मार्कशीटवर हात फिरवून पाहिलं होतं. तोंडाने उच्चारलं नव्हतं. शेजारी आत्याबाई उभ्या होत्या. हे नाव त्यांच्या नवऱ्याचं होतं.

"अगं घे की नाव!" सुशीलाबाई कडाडल्या. "थोबाड शिवलंय का? मेलेलं माणूस येतंय का तुला रागवायला? पोराचा जीव टांगलाय हितं!"

"एकनाथ," ती म्हणाली. मग मोठ्याने, बूथच्या काचेबाहेर ऐकू जाईल असं, "एकनाथ. एकनाथ हिम्मतराव माने."

"एकनाथ सार? सुबह से फील्ड में हैं, दिलसुखनगर साइड. आते अभी, लंच को. कुछ बोलना क्या?"

फील्ड में. स्कूटरवर. रस्त्यावर. ती घाईघाईने म्हणाली, "आते ही इस नंबर पे फोन करने बोलो. माँ बोली बोलो." दिलीपने काचेवर रंगवलेला बूथचा नंबर तिने वाचून दाखवला.

मग वाट बघणं. दिलीपच्या घड्याळात बारा वाजून सव्वीस मिनिटं झाली होती. बूथवरून त्यांच्या घराचं फाटक सरळ दिसत होतं. बारा एकोणतीसला एक मोटरसायकल फाटकापाशी थांबली. हेल्मेट घातलेला माणूस उतरला. त्याने बेल वाजवली, कुलूप हातात घेऊन पाहिलं, खिडकीत डोकावला. पद्मावतीने सुशीलाबाईंचा हात घट्ट धरला. तो आजूबाजूला बघत उभा राहिला आणि मग गाडी ढकलत सरळ त्यांच्याकडेच यायला लागला.

जवळून तो पंचविशीचा निघाला. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. घाम पुसत म्हणाला, "भैया, एक लोकल." त्याचं लक्ष सुशीलाबाईंकडे गेलं. त्याने बाहेरचं स्टूल उचलून त्यांच्यापाशी ठेवलं. "बैठो अम्मा, कायकू खडे?"

तोच शब्द. तिच्या मानेवर काटा आला. रडणारा हाच होता का? नाही, हा नसावा, रडणारा तिथे फोनवर होता. किंवा तिथे मार खाणारं कोणीच नव्हतं.

त्याने नंबर फिरवला, ऐकलं, ठेवला. पुन्हा फिरवला. "एंगेज आ रा," तो स्वतःशीच पुटपुटला.

तो फोन कुणामुळे अडकलाय हे तिला ठाऊक होतं. तिच्या टेबलावरचा आडवा रिसीव्हर, आणि दुसऱ्या टोकाला कान लावून बसलेला शांत आवाज. त्याने चौथ्यांदा नंबर फिरवला. तोपर्यंत बारा तेहतीस झाले होते. मुलगा ऑफिसात आला असेल, या क्षणी हाच नंबर लावत असेल, आणि त्याला इथून एंगेजच ऐकू येत असेल.

"बाबा, आमचा फोन यायचाय, सोड की," सुशीलाबाई म्हणाल्या.

"बस एक मिनिट अम्मा."

पद्मावतीला ओरडायचं होतं. दिलीप होता, समोर किराणावाला होता. पण ओरडलं आणि मुलगा खरंच त्यांच्या ताब्यात असला तर? तिला फक्त तो फोन मोकळा हवा होता. ती एक पाऊल पुढे गेली आणि त्याला एकट्याला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाली,

"नहीं लगता वो. मेरे घर से चालू है, अब्बी तक. जिस घर को ताला देखके आए, वो मेरा है."

त्याने तिच्याकडे पाहिलं. एकदाच, तिच्या चेहऱ्याकडे, मग पोटाशी धरलेल्या हाताकडे. त्या हाताखाली पिशवी होती. पद्मावती मागे सरली नाही. सरायला बूथमध्ये जागाच नव्हती. त्याने रिसीव्हर जागेवर ठेवला, व्यवस्थित, खिशातलं रुपयाचं नाणं काचेवर ठेवलं आणि गाडीला किक मारली. पहिली किक बसली नाही. दुसरी बसली.

"कौन था आंटी?" दिलीपने विचारलं. मोटरसायकल नजरेआड होईपर्यंत ती बघत राहिली.

फोन वाजला. तिने झडप घातली.

"अम्मा? क्या हुआ? कवापासून लावतोय, एंगेज."

"नाव सांगा," ती म्हणाली.

"अम्मा, मी आहे."

"नाव."

"अगं, काय झालंय तुला? दादी ठीक आहेत ना?"

"नाव सांग रे!" ती किंचाळली. आयुष्यात पहिल्यांदा तिने त्याला अरे म्हटलं होतं.

मग घाबरलेला, सावकाश आवाज. "एकनाथ. एकनाथ हिम्मतराव माने."

ती खाली फरशीवर बसली.

दोन वाजता तो अर्धी रजा टाकून घरी आला. टेबलावरचा रिसीव्हर केव्हाच जागेवर गेला होता. दोघी परतल्या तेव्हा त्यातून नुसती टूं टूं येत होती. सुशीलाबाई औषध घेऊन पडल्या होत्या. पद्मावतीने सगळ्या खिडक्या लावून घेतल्या होत्या आणि दुपारच्या उकाड्यात ती दाराकडे तोंड करून बसली होती.

बेल वाजली. "अम्मा," बाहेरून आवाज आला.

ती उठली, पण कडीला हात लावला नाही. खिडकीची फळी बोटभर उघडली. आधी तिने बूट पाहिले, मग हात, मग सैल केलेला टाय, मग चेहरा. कुठे खरचटलेलं नव्हतं. तिने चेहरा पुन्हा एकदा पाहिला. तो बाहेर उन्हात तसाच उभा राहिला. दुसऱ्यांदा त्याने बेल वाजवली नाही.

तिने दार उघडलं. तो आत आला, तिने पुढे केलेली पाण्याची लोटी घेऊन गटागटा प्यायला.

आतून सुशीलाबाईंचा झोपाळलेला आवाज आला. "कोण आलं गं, पद्मा?"

पद्मावतीने तोंड उघडलं. सकाळपर्यंतचं ते नाव तिच्या ओठांवर आलं, आणि त्याच्यामागून फोनवरचं ते रडणं. ती थांबली. लोटी हातात धरून मुलगा तिच्याकडे बघत होता.

"आपला मुलगा आलाय, आत्याबाई," ती म्हणाली, आणि त्याच्यासाठी पान वाढायला आत गेली.