नाथाबाबांच्या छातीतला सेन्सर

मित्रांनो, मी एक सेन्सर, तांदळाच्या दाण्याएवढा. वय फारसं नाही. पण काळजीनेच म्हातारा झालोय.

धरमतरच्या मिठागरात जन्म काढलेल्या नाथाबाबांचं हृदय थकलं, तेव्हा डॉक्टरांनी मला त्यांच्या हृदयाजवळच्या रक्तवाहिनीत बसवलं. तिथला दाब सांगायचा, हे माझं काम. माझ्यात बॅटरी नाही. छातीला जेल लावून मुठीएवढं यंत्र टेकवलं, की कानाला ऐकू न येणारा आवाज आत येतो. त्याच्याच जोरावर मी जागा होतो आणि उत्तर देतो. दाब ठीक असला, तर यंत्र छोटी शिट्टी वाजवतं. चढला, तर मोठी बोंब मारतं. पण जेल नसलं, तर मध्ये हवा राहते आणि आवाज माझ्यापर्यंत पोहोचतच नाही.

सुरुवातीला माझं काय कौतुक! बाबांची बायको पुतळीआजी शेजारणींना सांगायची, "आमच्या म्हाताऱ्याच्या छातीत पहारेकरी हाय गो!" मी अगदी हुरळून जायचो.

पण बाबांची सगळी हयात मीठ कोरडं राखण्यात गेलेली. ओल लागली की माल गेला, हे हाडीमाशी खिळलेलं. ते चिकट जेल त्यांना बघवेना. छाती पंच्याने खसाखसा पुसायची, यंत्रही पुसायचं, मगच टेकवायचं. यंत्र गप्प! बाबा खूश. "बघ गो, शिट्टीपन नाय. म्हंजे मी एकदम बरा हाय."

अहो, बरे कसले? आत दाब चढत होता आणि माझी दातखीळ बसलेली. दाबाचे आकडे येत नाहीत म्हणून दवाखान्यातून फोन यायचे, तेही बाबा उचलेनात. आजी म्हणाली, "अवो, पाय बघा कसे सुजलेत!"

"गप गो. यंत्राला तुझ्यापेक्षा जास्त कळतं."

हे ऐकून मी शरमेने अर्धमेला झालो.

एका सकाळी बाबांना धाप लागली. अंग घामाने निथळलं. घाबरलेल्या आजीने यंत्र उचललं आणि पुसत न बसता ओल्या छातीवर दाबलं. आवाज आत आला! मी जीव खाऊन सांगितलं आणि यंत्राने घर दणाणून सोडलं. शेजारच्या प्रवीणने रिक्षा काढून पेणचा दवाखाना गाठला.

बाबा वाचले, पण हृदय फार खचलं. मिठागर आता ते ओटीवरूनच बघतात.

मित्रांनो, कुणी गप्प आहे म्हणून सगळं बरं आहे, असं ठरवून मोकळे होऊ नका. त्याचा आवाज येतोय का, ते आधी बघा. आजही एखाद्या दिवशी शिट्टी चटकन येत नाही. तेव्हा बाबाच आजीला म्हणतात, "जेल लाव गो अजून. पुसू नको."