शांतता राखा, बाटली सोडून

मित्रांनो, मी एक जुनी बाटली आहे. जन्म सरबताच्या कारखान्यातला, नोकरी एका लहानशा रुग्णालयात, मुलांच्या वॉर्डात.

न्यूमोनियाने धाप लागलेल्या बाळाच्या नाकात ऑक्सिजनची नळी बसवतात. तिचा एक फाटा ऑक्सिजनच्या टाकीला जोडलेला असतो, दुसऱ्याचे टोक माझ्या पाण्यात पाच सेंटिमीटर बुडालेले असते. त्या दाबामुळे बाळाची दमलेली फुप्फुसे मिटत नाहीत आणि माझ्या पोटात बुडबुडे उठतात. बुडबुड चालू, म्हणजे काम चालू!

मध्यंतरी हेच काम करणारे एक मोठे यंत्र आले. सर्वांनी त्याच्याबरोबर फोटो काढले. मी कपाटात, झाडूशेजारी. तीन महिन्यांत त्याचा एक भाग बिघडला, दुसरा मिळेना. यंत्रसाहेबांवर कापड पडले आणि मला धुऊन-पुसून परत बोलावले.

एका दुपारी माझ्या नळीवर सात महिन्यांची मुलगी होती. तिची आई जेवायला गेली, म्हणून आत्या बसली. आत्या वाचनालयात कामाला. ‘हळू बोला’ म्हणता म्हणता केस पिकलेले. त्यात माझ्या डोक्यावरच पाटी: ‘शांतता राखा’.

“किती बडबडतेस गं! पोरीला झोपू दे की,” असे मला म्हणत तिने नळी पाण्याबाहेर ओढली.

मी गप्प झाले. मुलीची छाती बरगड्यांखाली खोल जाऊ लागली. मला ओरडताही येईना.

वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला औषध मोजणाऱ्या सिस्टरने मान वर केली. “बाटली गप्प का?”

ती धावत आली, नळी पाच सेंटिमीटरच्या खुणेपर्यंत बुडवली. बुडबुड, बुडबुड!

“आत्या, नळी कुणी ओढली?”

“मीच हो. आवाजानं जागी होत होती.”

“हा आवाज तिच्या श्वासाचा आहे. थांबला, की आधी मला हाक मारायची.”

पुढचे चार दिवस आत्या माझ्याकडे कान लावून बसली. मुलीचा काका म्हणाला, “काय कटकट आहे या बाटलीची!”

“तू गप्प बस. तिला बोलू दे,” आत्या कडाडली.

पाचव्या दिवशी मुलीची धाप थांबली, तशी सिस्टरने तिच्या नाकातली नळी काढली. बुडबुड थांबताच आत्या सवयीने ओरडली, “सिस्टर!”

सिस्टर शेजारीच उभी होती. मुलगी आपली आपण श्वास घेत, ओठांवर थुंकीचे बुडबुडे काढत हसत होती.

जाताना आत्याने पाटीखाली सुवाच्य अक्षरात लिहिले: ‘बाटली सोडून’.

मित्रांनो, वॉर्डात आलात तर हळू बोला, माझ्या नळीला हात लावू नका. आणि बाळ माझ्या नळीवर असताना मी गप्प झाले, तर तुम्ही मात्र गप्प बसू नका.