पालथी वही

सरांना आमच्या हॉलवर बोलावलं ते त्यांच्या सन्मानासाठी, असं आमच्या अध्यक्षबाई आजही सगळ्यांना सांगतात. सांगू देत बापड्या. त्यांचं नाव मी सुचवलं होतं, आणि सुचवलं होतं ते उट्टं काढायला.

एकोणीस वर्षांची असताना मी सरांच्या गायनवृंदात होते, तिसऱ्या रांगेत. सरांची रीत अशी, की जो चुकेल त्याने एकट्याने उभं राहायचं आणि ओळ बरोबर येईपर्यंत म्हणायची. सर ओरडायचे नाहीत. फक्त "पुन्हा" म्हणायचे. स्पर्धेच्या आदल्या दिवशी माझा घसा बसला होता, तरी वरच्या स्वराची ती ओळ मी सतरा वेळा म्हटली. अठराव्या वेळी घशात आतून काहीतरी फाटलं. "बस खाली, फाटकी पिपाणी," सर म्हणाले, आणि सगळे हसले. पुढे डॉक्टरांनी घशात आरसा घालून पाहिलं आणि बोलता येईल, गाण्याचं विसरा, असं सांगितलं. त्यानंतर आठवडाभर आई माझ्याशी खुणांनीच बोलत होती, जसा काही तिचाही घसा बसला होता.

गाता येईना म्हणून शिकवायला लागले. माझ्या वृंदात तीस जण आहेत आणि नियम एकच. घसा दुखतोय, दिवस वाईट गेलाय, काहीही असो, समोरच्या स्टँडवरची वही पालथी घालायची आणि बसून राहायचं. का, ते कुणी विचारायचं नाही. मीसुद्धा नाही. आणि दुसऱ्याची वही आपण पालथी घालायची नाही, ज्याची त्यानेच घालायची.

वृंदाला पंचवीस वर्षं होणार म्हणून अध्यक्षबाईंना कार्यक्रमासाठी कुणीतरी मोठं माणूस हवं होतं. "एक तालीम घेऊ दे त्यांना," त्या म्हणाल्या. "जमलं तर कार्यक्रम तेच बसवतील. पुढचंही बघू." पुढचंही म्हणजे माझी खुर्ची, हे न कळण्याइतकी मी भोळी नाही. तरी हो म्हटलं. बाईंना वाटलं, किती समजूतदार आहे. माझ्या डोळ्यांसमोर मात्र वेगळंच चित्र होतं. सर तीनदा "पुन्हा" म्हणतील, तीस वह्या पालथ्या पडतील, आणि सर रिकाम्या हवेत हात हलवत उभे राहतील. नियमाबद्दल मी त्यांना अवाक्षर सांगितलं नाही.

रविवारी दुपारी सर आले. पार वाळले होते, पण मान तशीच ताठ. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"आपण इथे काय करता?"

"मी यांना शिकवते."

"वा," ते म्हणाले आणि पेटीकडे वळले. इतकी वर्षं मी ज्या माणसाला मनात धरून बसले होते, त्याला माझा चेहराही आठवत नव्हता. असं झोंबलं म्हणून सांगू.

त्यांनी आल्या आल्या पट्टी चढवली. आमचे शिंपीकाका चुकले. "उभे राहा," सर म्हणाले, आणि काका उभे राहिले! चार वेळा म्हटल्यावर सुटले. मग पाळी आली नर्सताईची. दवाखान्यातल्या सलग दोन ड्युट्या करून ती थेट तालमीला आली होती, आवाज आधीच घोगरा.

"पुन्हा."

तिने म्हटलं.

"पुन्हा."

मी वह्यांकडे बघत होते. एकही हलेना. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माझ्यासमोर वही पालथी घालायला काय लागतं? मी रागावतच नाही. रागावणाऱ्या माणसासमोर ती कशी घालायची, हे मी कधी शिकवलंच नव्हतं.

नवव्या वेळेपर्यंत मी जागची हलले नाही. आता घालतील, मग घालतील, अशी वाट बघत मी त्या पोरीचा घसा सोलवटू दिला. हे मला लपवायचं नाही. मलाही माझा तमाशा हवा होता.

दहाव्या "पुन्हा"ला मी उठले. कपाटातली एक वही घेतली, तिसऱ्या रांगेत जाऊन उभी राहिले, रिकाम्या स्टँडवर ती पालथी घातली आणि खाली बसले. एकोणिसाव्या वर्षी करायचं राहून गेलेलं काम. मग शिंपीकाकांनी घातली. मग त्यांच्या शेजारच्याने. भराभर सगळ्यांनी घातल्या. नर्सताईने सगळ्यांत शेवटी, स्वतःच्या हाताने.

"हा काय प्रकार आहे?" सर म्हणाले.

"घसे दमलेत, सर."

"एवढ्याशा ओळीने? ऐका." आणि सरांनी ती ओळ स्वतः म्हटली. वरच्या स्वरावर आवाज उभा चिरला.

"पुन्हा," मी म्हटलं.

सरांनी खाकरून पुन्हा म्हटली. आता आणखी वाईट.

"पुन्हा."

तिसऱ्यांदाही त्यांनी म्हटली. न म्हणणं त्यांना माहीतच नव्हतं. मला इतकं बरं वाटत होतं, की सांगायची लाज वाटावी. माझ्या सतरांपैकी अजून चौदा व्हायच्या होत्या.

तेवढ्यात नर्सताई उठली. स्वतःची वही नेऊन तिने सरांच्या हातात ठेवली, आणि त्या घोगऱ्या आवाजात म्हणाली, "काका, पालथी घाला आणि बसा. इथे कुणी काही विचारत नाही."

मला तिचा भयंकर राग आला. अजूनही येतो. पण तिला हे शिकवलं होतं मीच.

सरांनी वही पेटीवर पालथी घातली आणि खुर्चीत बसले. बराच वेळ माझ्याकडे, मग माझ्या स्टँडकडे, मग तिसऱ्या रांगेकडे बघत राहिले.

"तुमचीही पालथी आहे," ते हळूच म्हणाले. "तुमच्या घशाला काय झालं?"

"इथे कुणी विचारत नाही, सर," मी म्हटलं, आणि पेटीशी जाऊन पट्टी दोन स्वर खाली घेतली.