आहे मी, जा निवांत

"लक्ष ठेवा हो घड्याळवाले, आलेच!" असं ओरडून मी दुकानातून उतरले. कोपऱ्यावर जाऊन चहाचा कप हातात घेतला आणि एकदम आठवलं. घड्याळवाल्यांचं शटर तर वर्षभर बंद आहे. अगं बये, मग मी सांगितलं कुणाला?

कप तसाच ठेवून धावत परत आले. दुकान सताड उघडं. बटणं, लेस, अस्तरं, सगळं जागच्या जागी. आत मुलगा उभा, कमरेवर हात ठेवून. तो मॉलमध्ये कपड्यांच्या दुकानात कामाला आहे. सुट्टी मिळाली की मला 'दुकान बंद कर' सांगायला येतो.

"आई, उघडं टाकून गेलीस? चोर आला असता म्हणजे?"

"बरं झालं असतं. तेवढंच कुणीतरी पायरी चढलं असतं."

"थट्टा पुरे. आज कुलूप लावायचं आणि किल्ली मालकाला देऊन टाकायची."

"आज नको रे."

"का पण? कोण यायचंय आता?"

याला कसं सांगू? आमच्या गल्लीत कुठं जायचं झालं की समोरच्याला हाक मारायची, "लक्ष ठेवा हो!" तो म्हणायचा, "आहे मी, जा निवांत." एकदा 'आहे' म्हटलं की ते माणूस परतेपर्यंत दुकान सोडायचं नाही, मग घरी पाहुणे ताटकळले तरी बेहत्तर. मॉल झाला तेव्हा चपलांचा दुकानदार हसला होता, "चार दिवस गारव्याला जातील लोक, मग येतात इथंच." सगळ्यांत आधी त्याचंच दुकान उठलं. मग शिंपी, मग भांडीवाला. उरलो समोरासमोर आम्ही दोघं.

एके सकाळी घड्याळवाले हत्यारांची पेटी बगलेत मारून निघाले. "लक्ष ठेवा हो वहिनी. मॉलमध्ये जिन्याखाली स्टूल टाकू देतायत. सेल बदलायचं काम. बघतो जमतंय का."

"आहे मी, जा निवांत," मी म्हणाले.

त्याच स्टुलावर बसल्या बसल्या गेले ते. डुलकी लागली असेल म्हणून दुपारभर लोक बाजूनं जात राहिले. तेव्हापासून रोज संध्याकाळी शटर ओढताना मी समोर बघून सांगते, "उद्या उघडतेच हं." नाही सांगितलं तर झोप लागत नाही.

हे सगळं मुलाला सांगून टाकलं. त्यानं कमरेवरचे हात खाली घेतले. "त्या दुपारी मीही त्याच जिन्यानं उतरलो असेन गं."

मग तो माझ्या जागेवर बसला. "तुझा चहा राहिला ना? पिऊन ये. आहे मी, जा निवांत."

कोपऱ्यावरून वळून पाहिलं. दिवेलागण झाली होती. अख्ख्या गल्लीत एकच दिवा, त्याखाली माझं पोरगं, समोरच्या बंद शटरकडे टक लावून बसलेलं. आता हा अडकला.

चहा न घेताच माघारी फिरले. "ऊठ, आले मी," म्हटलं. त्याला बाहेर काढलं, दिवा मालवला, शटर मीच ओढलं. कुलूप त्यानं लावलं. मी समोरच्या पायरीपाशी गेले.

"घड्याळवाले, आता मला नाही हो थांबवत. येते."

कोपऱ्यापर्यंत कान मागेच होता. 'जा निवांत' कुणी म्हणालं नाही.