गाळलेली आंबील

"नळी बघा, नळी! दांड्यात अडकंल!" रुद्राणी ओरडली तसे खुर्ची उचलणारे दोघेही जागच्या जागी थिजले. आपे रिक्षातून मडिवाळप्पांना खुर्चीसकट खाली उतरवण्याचं काम चाललं होतं. एका बाजूला मुलगा रविकिरण, दुसऱ्या बाजूला शेजारच्या शेतातला भुजंग. मडिवाळप्पांच्या नाकातून निघालेली बारीक नळी चिकटपट्टीनं कपाळाला डकवलेली होती आणि त्यांच्या बायकोचा, रुद्राणीचा जीव सकाळपासून त्या नळीतच अडकला होता.

"काकू, तुम्ही निस्तं बाजूला व्हा," भुजंग म्हणाला. "आम्ही काय पोतं उतरून राहिलाव का? अप्पा हायेत ते."

खुर्ची कोपीसमोर ठेवली. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून केलेली कोपी, वर शाल, आत चुन्यानं रंगवलेले पाच पांडव. भोवती गुडघ्याला लागेल एवढा हरभरा, पलीकडे कणसं टाकलेली ज्वारी. थंडी होती, पण उन्हात बसलं की अंग सैल व्हावं अशी. येळवसेला, म्हणजे वेळा अमावास्येच्या शेतातल्या जेवणाला, याहून चांगला दिवस मागून मिळाला नसता.

मडिवाळप्पांचा जन्म उदगीरच्या धान्याच्या मोंढ्यात मापाडी म्हणून गेला. मोजताना एक म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं, आणि त्यांनी 'लाभ' म्हटलं की पलीकडच्या आडतीतली माणसंही मान वर करायची, असा आवाज. माणूस मोठा काटेकोर. काट्याखाली सांडलेले चार दाणेही वेचून ज्याचे त्याच्या पोत्यात टाकणार. चहा पाजायचा झाला तर अर्धा. पण येळवस आली की या माणसाला काय व्हायचं कोण जाणे! जळकोट रस्त्याच्या कडेला उभं राहून जाणाऱ्या-येणाऱ्याला हाताला धरून शेतात आणायचे. एकदा तर अख्खी एसटी थांबवली होती. कंडक्टर आधी तणतणला आणि मग त्यानंच दोनदा भज्जी मागून घेतली.

सगळे पंगतीला बसले की आंबिलीचा पहिला पेला मडिवाळप्पा उभ्यानं प्यायचे, मिशा पुसायचे आणि आरोळी ठोकायचे, "उतरली! करा सुरू!" तोवर घासाला हात लावायचा नाही असं काही कुणी ठरवलं नव्हतं. पण त्या शेताला तशी सवयच लागून गेली होती.

दसऱ्यानंतर झटका आला आणि उजवं अंग, बोलणं नि गिळणं एकदमच गेलं. "तोंडानं काही द्यायचं नाही. पाण्याचा घोटसुद्धा छातीत जाईल," असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तेव्हापासून रुद्राणी पिचकारीनं नळीतून डाळीचं पाणी आणि पातळ पेज देत होती. शेजारी फोडणीचा वास सुटला तरी उठून खिडकी लावायची.

"आव्वा, औंदा ऱ्हाऊ दे येळवस," रविकिरण म्हणाला होता. "अप्पासमोर कुणाच्या घशाखाली घास उतरंल?"

तिलाही ते पटलं होतं. पण खाटेवरून मडिवाळप्पांनी ते ऐकलं आणि डाव्या हातानं खाटेचा दांडा बडवायला सुरुवात केली. थांबेनातच. शेवटी तिनं आंबिलीसाठी ज्वारीचं पीठ भिजवलं तेव्हा कुठं हात थांबला. आपल्या शेतात माणसं जेवली पाहिजेत, एवढंच एक त्यांचं मागणं उरलं होतं. ते तरी पुरं करू, असं तिनं मनाशी धरलं.

पूजा झाली. आंबील शिंपडत पिकाला फेरी मारायची ती रविकिरणनं मारली. "ओलगे ओलगे, सालम पोलगे" ही आरोळी बापाच्या तोंडून गाव ऐकत आलं होतं. पोराच्या तोंडून ती लाजत लाजत निघाली. खुर्चीतल्या मडिवाळप्पांचे ओठ हलले, गळ्याची शीर ताणली गेली, पण नुसता वारा बाहेर आला.

पंगत बसली. वाटाणा, तूर, वाल, हरभरा घातलेली आंबट चुक्याची भज्जी, बाजरीचे उंडे, भाकऱ्या, खीर, पेल्यापेल्यात आंबील. मोंढ्यातला जुना हमाल दगडोबा, भुजंगाच्या घरचे, नणंद जगदेवी, रस्त्यावरून बोलावलेले दोघं-तिघं. सगळं वाढून झालं आणि कुणी घासाला हात लावेना. सगळे खुर्चीकडं बघत बसले.

रुद्राणीला वाटलं, पहिल्या पेल्यासाठीच खोळंबलेत. त्याची तजवीज तिनं केलीच होती. डॉक्टरांना विचारून, मिरची-लसूण न घालता वेगळी आंबील केली होती, धोतराच्या फडक्यातून गाळून गाळून पाण्यासारखी पातळ केली होती. मालकाच्या पोटात घोट गेला की पंगत सुरू होईल, इतका साधा तिचा हिशेब! तिनं पिचकारी भरली, नळीचं बूच काढलं आणि सगळ्यांच्या देखत आंबील सोडली. पांढरी रेघ नळीतून सरकत सरकत नाकात शिरली. मडिवाळप्पांना चव कळणार नव्हतीच. ते नुसते समोर बघत राहिले.

"उतरली!" रुद्राणी उसनं हसून म्हणाली. "करा सुरू. जेवा समदे."

दगडोबानं उचललेली भाकरी ताटात परत ठेवली. जगदेवीनं पदर तोंडात कोंबला, तरी हुंदका फुटलाच. रस्त्यावरून आलेल्यातला एक जण चुळबुळ करत उठला, "मला जरासक निघावं लागतं, मावशी. पोट बरं न्हाई आज."

"दोन घास तरी खावा की."

"न्हाई, खरंच न्हाई."

रुद्राणीनं रिकामी पिचकारी पदराआड लपवली. हे काय करून बसले मी, कुणाला दाखवायला केलं हे? चार दिवस खपून केलेलं अन्न भांड्यांत तसंच होतं आणि जेवा म्हणायला तिच्याकडं दुसरे शब्द नव्हते. ज्या शेतातून कधी कुणी उपाशी गेलं नाही, तिथून आज माणसं भरल्या ताटावरून उठणार होती. तेही मालकाच्या डोळ्यांदेखत.

एवढ्यात मडिवाळप्पांनी घशातून घोगरा आवाज काढला. डावा हात उचलून कोपीच्या मागं दाखवू लागले.

"ऊन लागून राहिलंय का अप्पा?" रविकिरण पुढं आला. त्यांनी जोरात मान हलवली. "मग घरी जायचंय?" पुन्हा तसंच. हात कोपीमागं, मग पंगतीकडं, परत कोपीमागं.

रुद्राणीला उमगलं.

"तिकडं न्या त्यास्नी," ती म्हणाली. "कोपीच्या माघं."

"आव्वा, मालकाला माघं बसवायचं? बरं दिसतं का ते?"

"ने म्हणते ना रे बाबा!"

खुर्ची उचलली गेली. कोपीच्या आड, पंगतीकडं पाठ करून, हरभऱ्याकडं तोंड करून ठेवली. दोघं परत आले आणि मान खाली घालून पंगतीत बसले.

मग दगडोबानं नाक शिंकरलं. "जेवा रे," तो म्हणाला. "धनी ऐकून राहिलाय तिकडं." आणि त्यानं आंबिलीचा पेला तोंडाला लावून मुद्दाम मोठा भुरका मारला.

भुजंगानं मारला. मग सगळ्यांनीच. उठलेला पाहुणाही खाली बसला. भाकऱ्या मोडायला लागल्या, जगदेवीनं रडत रडत खीर मागितली. कुणाला भूक होती कुणाला नव्हती, पण सगळे मोठमोठ्यानं जेवत होते.

रुद्राणी भज्जीचं पातेलं घेऊन कोपीमागं डोकावली. मडिवाळप्पांनी डोळे मिटले होते. पलीकडचे भुरके ऐकत त्यांचा जबडा हळूहळू हलत होता, एकेक घास चावून खाल्ल्यासारखा. नळी जबड्याबरोबर हलत होती. तिच्यानं ते बघवेना आणि तिथून पाऊलही उचलेना.

"वैनी, भज्जी आणा की इकडं!" पलीकडून दगडोबानं हाक मारली.

मडिवाळप्पांनी डोळे उघडले. ती तिथंच उभी आहे हे पाहून रागावले आणि डाव्या हातानं त्यांनी तिला हाकललं. जा, वाढ. तिनं पदरानं डोळे पुसले आणि ती वाढायला गेली.